पिठलं की पिठे

बाबा दाराबाहेर पडताना 'येतो'ऐवजी 'जातो' म्हणायला लागले, तेव्हा मला त्यांची खरी काळजी वाटायला लागली. आपल्याकडे असं कुणी म्हणत नाही. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेला माणूसही 'येतो' म्हणूनच निघतो, आणि चुकून 'जातो' निघालंच तोंडातून, तर घरातलं कुणीतरी दटावतं. आमच्याकडे दटावायचं काम आईचं होतं. आई गेली, साताऱ्याच्या घराला कुलूप लागलं आणि मी बाबांना कोलकात्याला, डमडमच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आले. तेव्हापासून खाली दूध आणायला निघाले तरी चपला सरकवत ते म्हणायचे, "जातो." एकदा मी टोकलं, तर म्हणाले, "दूधच आणायला चाललोय, त्यात काय एवढं."

मी बँकेत अधिकारी. बदली झाली म्हणून इथे आले आणि माझ्यामागून नवऱ्यानेही सॉल्ट लेकमधल्या एका कंपनीत नोकरी धरली. चार वर्षांत आम्ही दोघं बऱ्यापैकी बंगाली बोलायला लागलो, म्हणजे निदान आमची तशी समजूत होती. बाबांना मात्र बंगाली शून्य, आणि त्यांचं हिंदी म्हणजे मराठी वाक्याला शेवटी 'है' लावलेलं. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर लोकांवर ओरडलेला हा माणूस आमच्या घरात पाहुण्यासारखा राहायचा. चहाची कपबशी स्वतः विसळून ठेवायची, टीव्ही लावायचा तर आधी विचारायचं. मुलीच्या घरी राहतोय हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. दिवसभर गॅलरीत बसून विमानतळावर उतरणारी विमानं बघायची आणि एखादं वर गेलं की म्हणायचं, "हे पुण्याचं असेल." जानेवारी लागला तसं त्यांनी मला सांगून टाकलं, की संक्रांत झाली की माझं तिकीट काढ, आणि एकाच बाजूचं काढ.

साताऱ्याच्या त्या घरात ते एकटे काय करणार, हा विचार माझ्या डोक्यातून हलत नव्हता. त्यातच आमच्या बिल्डिंगची पिकनिक आली.

थंडीत इथे सगळं शहर पिकनिकला जातं. गल्लीतले लोक जातात, ऑफिसं जातात, आणि आमची बिल्डिंग तर दरवर्षी बस करून जाते. मागच्या वर्षी दुपारचा चहा संपला म्हणून मी परतीच्या बसमध्ये इतकी कटकट केली, की या वर्षी खाण्यापिण्याची सगळी जबाबदारी माझ्याच गळ्यात पडली. शंभरेक माणसं, गंगेकाठी बजबजला भाड्याने घेतलेला बगीचा, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळ्यांची तोंडं चालू ठेवायची. मला असल्या कामाचा कंटाळा नाही. खरं सांगायचं तर मला दुसऱ्या कुणी केलेली व्यवस्था बघवत नाही.

बैठक वरच्या मजल्यावरच्या दिदींकडे भरली. दिदी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, माहेर कोलकात्यातल्याच बागबाजारचं. बंगालवर चालून आलेल्या तुमच्या मराठ्यांना थोपवायला जिथे खंदक खणला, तिथली मी, हे त्या मला भेटल्यापासून ऐकवत आल्या आहेत, आणि लाडात आल्या की मला 'बोर्गी', म्हणजे लुटायला आलेला मराठा स्वार, म्हणतात. अजूनही वर्गात असल्यासारख्या बोलतात. त्यांचे यजमान शेजारी पेपर वाचत बसलेले असतात आणि बोलण्याचं काम दिदींवर सोपवतात.

मी बँकेतल्या सवयीने खाणं वेगळं आणि पिणं वेगळं असे दोन भाग पाडून गेले होते. सगळे हसायला लागले. बंगालीत पाणी खातात, चहा खातात, सिगरेटसुद्धा खातात; पिण्याचा वेगळा भाग कशाला हवा, हे त्यांना कळेना. तरी मी हटले नाही. बसमध्ये केळं, उकडलेलं अंडं आणि केकचा तुकडा; पोचल्यावर गरम लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि बटाट्याचा दम; दुपारी भात, मटण, टोमॅटोची गोड चटणी, पापड. पाण्याचे मोठे जार. चहा तीनदा, मातीच्या कपांतून, आणि बिनसाखरेच्या किटलीला लाल फीत बांधायची, कारण मागच्या वर्षी मधुमेहवाल्यांनी साखरेचा चहा घेतला आणि बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. मटणानंतर मठ्ठा हवाच, असं मी म्हटलं. थंडीत ताक कोण खाणार, असं सगळ्यांचं मत पडलं, पण मी अध्यक्ष होते. दोघा गृहस्थांनी मला बाजूला घेऊन 'बाकीच्या' पेयांचं काय, असं हळूच विचारलं. त्या वेळी मला बंगाली कळेनासं झालं.

मिठाई मी दिदींवर सोपवली. बंगाल्यांच्या मिठाईत परक्याने हात घालू नये एवढी अक्कल मला चार वर्षांत आली आहे.

शेवटी कुणीतरी म्हणालं की तुमच्या 'देशाचं', म्हणजे गावाकडचं, काहीतरी एक हवं. आणि मी बाबांना न विचारता बोलून गेले, की माझे बाबा पिठलं करतील.

हे कुठून आलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. पिठलं हा बाबांना येणारा एकमेव पदार्थ. तरुणपणी कालव्याच्या सर्व्हेच्या कामावर तंबूत राहायचे, तिथे शिकले. आई त्यांना एरवी ओट्याजवळ उभं राहू द्यायची नाही, पण रविवारी संध्याकाळी पदर झटकून बाहेर येऊन बसायची आणि म्हणायची, आता स्वयंपाकघर तुमचं. आई गेल्यापासून त्यांनी पिठलं केलं नव्हतं.

दिदींनी तर टाळीच वाजवली. "पिठे! तोमादेरओ पिठे आछे?" तुमच्यातही असतं का, म्हणून त्यांना भारी आनंद झाला. आता यांच्या तोंडात कुठल्याच शब्दाचा आकार धड राहत नाही, माझं स्वतःचं नावही चार वर्षांत गोल झालंय, तेव्हा पिठल्याचं पिठे झालं तर मी कशाला दुरुस्त करू? मी म्हटलं, हो तर, आमच्या घरोघरी असतं. दिदींनी विचारलं, नारळ लागेल ना? पिठल्यावर ओलं खोबरं आणि कोथिंबीर छानच लागते, म्हणून मी हो म्हटलं. गूळ? चिमूटभर आईही घालायची, म्हणून त्यालाही हो. मग त्या म्हणाल्या, 'चालेर गुंडो' मी आणते. चाल म्हणजे तांदूळ, एवढं मला पक्कं माहीत होतं. पिठलं आणि भात, याहून उत्तम काय, म्हणून मी आणा म्हटलं. पुढच्या गुंडोकडे माझं लक्ष गेलं नाही. त्यावर दिदी जे म्हणाल्या ते मी ऐकलं आणि सोडून दिलं: मग आता मिठाई वेगळी सांगायला नको.

घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते भडकले. म्हणाले, मला विचारायचं नाहीस का, मी काय आचारी आहे? मात्र रात्री ताटावरून उठता उठता म्हणाले, "माणसं किती?" मी सांगितलं. मग विचारलं, चूल लाकडाची की गॅसची. मग वारा कुठल्या बाजूने येतो. नदीकाठ म्हणजे वारा असणार, फोडणी जळेल, आडोसा करावा लागेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तीन दुकानांतलं बेसन आणायला लावलं, तिन्ही बोटांवर चोळून बघितली आणि दोन नापास केली. चण्याची डाळ घेऊन गिरणीत जा, जरा जाडसर दळ, असं फर्मान निघालं. शंभर माणसांच्या पिठल्यात गुठळी होऊ द्यायची नाही म्हणजे पाणी आधी उकळायचं की पीठ आधी कालवायचं, यावर ते नवऱ्याला अर्धा तास समजावून सांगत होते आणि तो बिचारा मान डोलावत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि सुखावत होते. फक्त प्रत्येक वेळी शेवटी ते म्हणायचे, हे एकदा उरकलं की तिकिटाचं बघ.

पिकनिकच्या सकाळी बस धुक्यातून निघाली. अंडी आणि केळी खात, आळीपाळीने गात, आम्ही अख्खं शहर ओलांडून बजबजला पोचलो. तागाच्या गिरणीची लांबच लांब भिंत आणि तेलाच्या टाक्या संपल्या की एकदम झाडी आणि नदी येते. बगीचा झकास होता. लुच्या फुगत होत्या, चहाची लाल फीत सगळ्यांना दिसत होती, आणि मी कमरेवर हात ठेवून फिरत होते. बाबांनी झाडाच्या आडोशाला आपली चूल मांडून घेतली आणि एका पातेल्यात पीठ, ताटात कांदा, मिरच्या, लसूण, अशी मांडामांड केली. सगळे त्यांना 'मेशोमशाय' म्हणत होते. त्यांनी मला विचारलं, हे काय म्हणतात? मी म्हटलं, मावशीचा नवरा. ते म्हणाले, कुणाच्या मावशीचा? मला हसू आवरेना.

तेवढ्यात दिदी आणि आणखी तिघीजणी आल्या आणि त्यांनी बाबांच्या पुढ्यात सामान ठेवलं. सोललेले नारळ, दुधाचे कॅन, नव्या खजूरगुळाचा डबा आणि तांदळाच्या पिठाची भलीमोठी पिशवी.

दिदींनी ताटातल्या कांद्याकडे बघितलं. बाबांनी गुळाच्या डब्याकडे बघितलं. "पिठेमध्ये कांदा?" दिदींनी मला हिंदीत विचारलं. त्याच क्षणी बाबांनी मला मराठीत विचारलं, "पिठल्यात एवढा गूळ?" मी मध्ये उभी होते. गुंडो म्हणजे पीठ, हे मला त्या पिशवीकडे बघून कळलं.

पिठे म्हणजे संक्रांतीच्या सुमारास बंगाली घरांत होणारं पक्वान्न. तांदळाच्या पिठाच्या पारीत नारळ आणि गुळाचं सारण भरायचं आणि वाफवायचं किंवा दुधात शिजवायचं. आमच्या बिल्डिंगचे सगळे लोक आठवडाभर मेशोमशायांच्या हातचं मराठी पिठे खायला मिळणार म्हणून वाट बघत होते. मिठाई सांगितलेलीच नव्हती. ही बातमी बगीच्यात कशी पसरली ते मी बघितलं. बॅडमिंटन थांबलं. दिदींच्या यजमानांनी सुद्धा पेपर खाली घेतला. जेवणानंतर गोड नाही, ही गोष्ट बंगाली माणसाला सांगण्यापेक्षा मी बस बंद पडली असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पण मला त्या शंभर लोकांचं काही वाटत नव्हतं. मला बाबांचं वाटत होतं. आता हे पंचा झटकून बसमध्ये जाऊन बसणार आणि साताऱ्यापर्यंत तसेच बसून राहणार, असं माझ्या मनात आलं.

बाबा म्हणाले, "ते पिठे म्हणजे काय, नीट सांग."

मी सांगितलं.

"म्हणजे मोदकच की," ते म्हणाले. मग उलथनं उचलून, "आधी माझं पिठलं होऊ दे. मग नारळ इकडे द्या."

पिठल्याची फोडणी पडली आणि अर्धा बगीचा खोकत नदीकडे पळाला. बाबा मात्र पंचाने नाक बांधून भलंथोरलं उलथनं फिरवत उभे होते आणि नवऱ्याला धार बारीक सोड म्हणून ओरडत होते. त्यांचा तो कालव्यावरचा आवाज मी किती दिवसांनी ऐकला. पिठलं झाकून ठेवलं आणि ते सरळ दिदींच्या चटईवर जाऊन बसले. नारळ खवायची बंगाल्यांची विळी आपल्या विळीपेक्षा वेगळी असते, पण पाच मिनिटांत बाबांचा हात बसला. गणपतीत नारळ खवणं आणि नैवेद्याचं बाजूला काढून उरलेलं सारण चाखणं ही कामं आमच्याकडे बाबांचीच होती. त्यांनी चाखून मान हलवल्याशिवाय आई पारीला हात लावायची नाही.

सारण शिजलं. दिदींनी त्यांच्या हातावर थोडं ठेवलं. बाबांनी डोळे मिटून चाखलं आणि मला म्हणाले, यात वेलदोडा नाही.

मी भाषांतर केलं. दिदी म्हणाल्या, नव्या गुळात वेलदोडा घालत नाहीत, गुळाचा वास मरतो. मी तेही पोचवलं. बाबा म्हणाले, वेलदोड्याशिवाय सारण म्हणजे नुसता गूळखोबऱ्याचा गोळा. हे मी जरा मऊ करून सांगितलं, पण दिदींना चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी चष्मा वर केला आणि वर्गातल्या आवाजात हा गूळ कसा होतो, थंडी किती लागते, रस किती वाजता उतरवतात, सगळं सांगायला सुरुवात केली. बाबांनी मराठीत कोकणातल्या मोदकांवर बोलायला घेतलं. माझ्याकडे दोघांपैकी कुणीच बघेना. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघंही थांबायला तयार नव्हती.

"नाही म्हणजे नाही," बाबा म्हणाले. "मी नाही ऐकणार."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. आमटीतल्या मिठावरून, पंख्याच्या वेगावरून, पाहुण्यांना स्टेशनवर आणायला कोण जाणार यावरून, आईशी ते रोज असेच भांडायचे. आई गेल्यापासून ते कुणाशीच भांडले नव्हते. मी काही म्हटलं की, ठीक आहे, तू म्हणशील तसं, एवढंच. मला ते 'ठीक आहे' नको झालं होतं. मी चहाच्या चुलीमागे गेले आणि पदरात तोंड घालून रडले. आनंदाने रडले. नवऱ्याने विचारलं तेव्हा धूर लागला म्हणाले.

परत आले तेव्हा तह झाला होता. सारणाचे दोन भाग, एकात वेलदोडा, एकात नाही. वेलदोडे आमच्या चहाच्या सामानातून गेले. दिदी आणि त्यांच्या सोबतिणी करंजीसारख्या सुबक पुल्या वळत होत्या आणि बाबा वेलदोड्याचे मोदक वळत होते. कळ्या पाडणं त्यांना कधीच जमलेलं नाही, त्यामुळे त्यांचे मोदक लसणाच्या गड्ड्यासारखे दिसत होते. लहान मुलं तेच मागत होती.

जेवणं झाली. पिठलं लोकांनी डाळ समजून भातावर घेतलं, काहींनी मटणाच्या रश्शातही कालवलं, आणि ते बघून बाबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. मिरची त्यांनी सातारी हिशेबाने घातली होती. पहिल्या पंगतीत डोळ्यांना पाणी आलं आणि सगळे उठले ते थेट मठ्ठ्याच्या भांड्याकडे. थंडीत ताक कोण खाणार म्हणणारे रांगेत होते, आणि 'बाकीच्या' पेयांची चौकशी करणारे ते दोघे सगळ्यात पुढे. मी एकही टोमणा मारला नाही, असं मी म्हणणार नाही.

गोडाच्या वेळी दिदींनी बाबांचा एक मोदक उचलला. सावकाश खाल्ला. वाईट नाही, म्हणाल्या. बाबांनी त्यांची एक पुली खाल्ली, आणखी एक खाल्ली आणि मला म्हणाले, "सांग तिला, गूळ चांगला आहे." यापुढे दोघांनीही एक इंच माघार घेतली नाही.

संध्याकाळी बस बिल्डिंगपाशी थांबली. रिकामी भांडी उतरवून झाली आणि दिदी जिन्याकडे वळल्या. वळताना बाबांना म्हणाल्या, "मेशोमशाय, आशी."

बाबांनी मला विचारलं, "आता काय म्हणाली?"

"येते म्हणाली."

"जाताना?"

"हो. इथेही 'जाते' म्हणत नाहीत. म्हटलं तर घरचे रागावतात."

लिफ्ट आली. आत शिरल्यावर बाबांनी आमच्या मजल्याचं बटण दाबलं आणि भिंतीला पाठ टेकून उभे राहिले.

संक्रांत झाली. दिदींकडून डबा आला, तो रिकामा परत करायचा नाही म्हणून बाबांनी त्यातून तिळगूळ पाठवला, वेलदोडा घातलेला. उलट निरोप आला की वेलदोडा जास्त झाला आहे. मधल्या दिवसांत बाबा दोनदा वर जाऊन आले, कशाला ते मला सांगितलं नाही. पण तिकिटाचं ते विसरले नव्हते. मी आठवण होऊ दिली नव्हती, त्यांनीच काढली. घर बंद आहे, ओल धरली असेल, कागदपत्रं आहेत, जायला हवं. मी त्यांनी सांगितलं तसंच, एकाच बाजूचं तिकीट काढलं. त्यांच्याशी वाद घातला असता तर ते 'ठीक आहे' म्हणाले असते, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

विमानतळ आमच्या घरापासून इतका जवळ की निरोप घ्यायलाही वेळ मिळत नाही. टॅक्सीत त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती, तिच्यात दिदींनी दिलेली खजूरगुळाची ढेप. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. पुढचं काहीच बोलणं झालं नव्हतं आणि मला विचारायची हिंमत नव्हती. दारापाशी त्यांनी तिकीट आणि ओळखपत्र हातात घेतलं, पिशवी दुसऱ्या हातात धरली, पहारेकऱ्याने कागद बघितले. मागे रांग होती. मी म्हटलं, पोचलात की फोन करा, औषधं वेळेवर घ्या, वगैरे. ते हो हो म्हणाले आणि आत वळले.

मग थांबले. मागच्या माणसाला त्यांच्यासाठी थांबावं लागलं.

"येतो गं," बाबा म्हणाले.

"या," मी म्हटलं.